दोन नऊ चार, दोन खाली, एक

रेवणप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि तो न पिताच पुन्हा कपात घातला. तेव्हाच जगदेवीनं ओळखलं, ह्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे आणि ते चहाच्या आधी बाहेर येणार.

हिप्परगव्हाणच्या शिवनाम सप्ताहाचा तो शेवटचा दिवस. लातूरहून उदगीरकडं जाताना मधेच आत वळलं की हे गाव लागतं. शेवटच्या दिवसाचं प्रसादाचं कीर्तन इथं पूर्वी उदगीरचे पंचाक्षरी बुवा करायचे. बुवा लिंगैक्य झाल्यावर ते त्यांच्या लेकीकडं आलं. जगदेवी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची आणि सुट्टी लागली की गळ्यात लिंग, कपाळी विभूती, हातात चिपळ्या घेऊन गावोगाव शिवकीर्तनाला उभी राहायची. बाकी गावं बोलावतील तेव्हा. हिप्परगव्हाण मात्र न चुकता, देव्हाऱ्यातल्या समईसारखं.

"ताई, ते मृदंगाचं..." रेवणप्पा म्हणाले. ते सप्ताह समितीचे अध्यक्ष. माणूस मऊ, पण मऊ माणसाला जो तो आपल्या बाजूला दाबतो.

"काय मृदंगाचं?"

"यंदा भुजंग वाजवील. माझा पुतण्या. विशारद झालाय, हाताला लई गोडी हाय त्याच्या."

"वाजवू द्या की. सकाळच्या भजनाला वाजवला, मी ऐकला. पण माझ्या कीर्तनाला दस्तगीरचाचा आहेत."

"हाव, हाव. त्यानला काय, बसतील की. पहिल्या रांगेत खुर्ची टाकतो. शाल घालतो, नारळ देतो. मानपानात काय कमी न्हाई."

"चाचा खुर्चीवर बसून काय वाजवणार, रेवणप्पा? खुर्ची?"

रेवणप्पांनी इकडंतिकडं बघितलं. "तुम्ही शाण्यासुरत्या. वारं कसं सुटलंय ते बघूनच राहिलात. चार पोरं म्हणून राहिली, महादेवापुढं वाजवायला आपलाच माणूस पायजे. आता सगळं मोबाईलवर लाइव्ह जातं. मी कुणाकुणाला तोंड देऊ?"

"माझे बाबा आणि चाचा इथं वर बसायचे, तेव्हा ती पोरं जन्माला तरी आली होती का?"

"तुमचं खरं हाय. पण..."

"पण काय ते आता कीर्तनातच बघू," असं म्हणून जगदेवी उठली. चहा तसाच राहिला, तिचाही आणि त्यांचाही.

देवळामागं कडुनिंबाखाली सतरंजी टाकून दस्तगीरचाचा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत बसले होते. नांदेडला त्यांचं तबला-ढोलकीला कातड्याचं पान चढवायचं दुकान. दुकान आता पोरगा शहेबाज बघायचा, पण पंचाक्षरी बुवांच्या घरच्या कीर्तनाला चाचा स्वतः यायचे. बुवांच्या शेजारी बसून त्यांनी जवानी घालवली होती. जगदेवी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ती त्यांची बेटा. लोकांसमोर मात्र, तिनं पहिल्यांदा चिपळ्या हातात घेतल्या त्या दिवसापासून, ते तिला ताई म्हणत.

"ऐकलं मी," चाचा मान वर न करताच म्हणाले. "मांडवाला भिंती असत्यात का? ते तिकडं बोलले, इकडं आलं."

"मग?"

"मग काय? नको भांडू बेटा. बस म्हणले तर बसतो खुर्चीवर. गुडघे बी दुखून राहिलेत."

"खरंच बसायचंय तुम्हाला?"

चाचांनी कणकेवर पाण्याचा हात फिरवला. एक थाप मारली. आवाज नीट उतरला नव्हता म्हणून चिमूटभर कणीक अजून लावली. "बसायचं असतं तर सकाळधरून कणीक कशाला मळली असती?"

जगदेवी काहीतरी बोलायला गेली. ते ओळखून चाचांनी बोट वर केलं. "पण एक ऐक. तिथं उभं राहून माझ्या नावानं रडगाणं न्हाई गायचं. बिचारा दस्तगीर, म्हातारा दस्तगीर, असलं एक अक्षर काढलंस तर मी उठून सरळ स्टँडवर जाईन."

"नाही काढणार. मी गणित बोलणार आहे."

"मग तर लोकंच उठून स्टँडवर जातील."

दोघंही हसले. पण चाचांनी ओलं फडकं पखवाजावर पांघरलं तेव्हा त्यांचा हात त्याच्यावर जरा जास्तच वेळ राहिला, आणि तो हात बघून जगदेवीचं ठरलं. पाठ फिरवून निघून जाणं सोपं होतं. पण बुवा सांगायचे, मांडवात माणूस बसलं असताना कीर्तनकारानं देवाकडं पाठ करू नये. जायचं नाही. आणि चाचांशिवाय पूर्ण करायचंही नाही.

हिप्परगव्हाणला आकड्याचं कीर्तन लागायचं. तो आकडा जगदेवीला नांदेडला एम.एस्सी. करताना भेटला होता. दुपारी वर्ग सुटला की ती चाचांच्या दुकानात जाऊन बसायची. "आज काय शिकली?" चाचा चामड्याची वादी ओढता ओढता विचारायचे. एकदा तिनं सांगितलं, चाचा, दोन लाख चौऱ्याण्णव हजार एक. ही मूळ संख्या आहे, म्हणजे हिला एकानं आणि तिच्या स्वतःनंच भाग जातो, तिसऱ्या कुणाची वाटणी चालत नाही. पण खरी गंमत पुढं आहे. हिच्यातला कुठलाही एक आकडा उचला आणि त्या जागी दुसरा कुठलाही ठेवा. लगेच भाग जातो. संख्या फुटते. आणि हिच्याहून लहान अशी दुसरी नाही.

चाचांनी वादी सोडली होती. "दोन नऊ चार शून्य शून्य एक? सहा मात्रा. दादरा झाला की. अन् दादऱ्यात चौथी मात्रा खालीच असती, हलक्या हाताची." मग मांडीवर बोटानं सहा मात्रा मोजून ते म्हणाले होते, "आकडा शून्य हाय, तर हात कशाला लावायचा? खाली वाजवतात सगळे. आपुन सोडून देऊ."

तेव्हापासून ती दोन, नऊ, चार म्हणायची, चाचा त्यावर थाप द्यायचे, आणि पुढच्या दोन मात्रा कुणीच काही करायचं नाही. गळा बंद, पखवाज बंद, टाळ बंद. मग एकावर सगळे मिळून. हिप्परगव्हाणच्या बायकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की टाळी देताना त्या दोन मात्रांना शेकडो हात हवेत उघडे राहायचे.

मांडव भरला. एका बाजूला मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून दोन-तीन तरुण उभे. मागं मोठाल्या कढयांत गव्हाची खीर रटरटत होती, तिचा वास पुढपर्यंत येत होता. पहिल्या रांगेत लाल खुर्ची, त्यावर दस्तगीरचाचा, मांडीवर घडीची शाल. शेजारी सतरंजीवर रेवणप्पांची आई पार्वतम्मा. वर टाळकऱ्यांची रांग आणि पखवाजापुढं भुजंग. तिशीचा, नीटनेटका, कान लाल झालेला. त्यालाही हे फारसं रुचलेलं नसावं, पण काकांच्या शब्दाबाहेर जाणारा तो नव्हता.

शिवनामाचा गजर झाला. जगदेवीनं पूर्वरंग नेहमीसारखा केला, आवाज कुठं हलू दिला नाही. मग म्हणाली, "आता आपला आकडा घ्यायचा ना?"

"घ्या, घ्या!" बायका म्हणाल्या.

"पार्वतम्मा, बारा लाडू आहेत. किती जणांत सारखे वाटता येतील?"

"दोघांत, तिघांत, चौघांत, साहांत," पार्वतम्मा बोटांवर मोजत म्हणाली. "ही बी परीक्षा दरसाली हाय का?"

"आणि तेरा असतील तर?"

"मग एकटीनं खा, न्हाईतर तेराजणी जमवा!"

मांडव हसला. "तेराला मधली वाटणी मान्य नाही," जगदेवी म्हणाली. "तशीच आपली संख्या. मोठी आहे, पण वाकत नाही. चला."

तिनं चिपळ्या उचलल्या. दोन, नऊ, चार, आणि हात हवेत थांबले. पण पखवाज थांबला नाही. भुजंगनं शिकल्याप्रमाणं, अगदी शुद्ध, खालीच्या दोन मात्रा भरल्या. हवेतल्या हातांना कळेना काय करावं. कुणी टाळी दिली, कुणी नाही. एकावर सगळे वेगवेगळे येऊन आदळले.

"ऑं?" पार्वतम्मा मोठ्यानं म्हणाली. "शून्यावर टोले बसले की!"

"भुजंग, हात छान आहे तुझा," जगदेवी शांतपणे म्हणाली. "जे शिकलास तेच वाजवलंस. पण आकडा कुठला झाला? शून्याच्या जागी टोला पडला की तिथं एक झाला. दोन नऊ चार एक एक एक. करा बेरीज."

मांडवात पुटपुट झाली. "अठरा!"

"अठराला तिनानं भाग जातो?"

"जातो!"

"मग पुऱ्या संख्येलाही जातो. फुटली. पुन्हा घेऊ."

दुसऱ्या खेपेला भुजंगनं पहिलं शून्य सोडलं, पण दुसऱ्यावर सवयीनं बोट पडलंच. "आता झाले दोन लाख चौऱ्याण्णव हजार अकरा. काढा मोबाईल. एक्केचाळीसनं भागा."

तिकाटण्याजवळच्या तरुणांपैकी एकानं नकळत खिशातला दुसरा फोन काढला. "सात हजार एकशे एकाहत्तर," तो म्हणाला आणि मग जीभ चावली.

"उरलं काही?"

"...न्हाई."

टाळ्या पडल्या. जगदेवीला आतून उभारी आली. तिनं मनात सिद्धता मांडून ठेवली होती: ही दोन शून्यं चाचांशिवाय कुणाला सोडता येत नाहीत, हे गावच्या डोळ्यांदेखत दिसू द्यायचं. मग रेवणप्पांना बोलायला तोंड राहणार नाही.

तिसऱ्या खेपेला भुजंगनं डोळे मिटले. दोन, नऊ, चार. त्यानं दोन्ही हात पखवाजावरून पुरते उचलले. एक. बरोबर, केसाइतकंही इकडंतिकडं नाही.

"जमलं की!" रेवणप्पा खांबापाशी उभे होते ते ओरडलेच. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की बघणाऱ्याला दया यावी. "जमलं ताई! चला, आता फुडं चला!"

जगदेवी उभी राहिली तशीच राहिली. सिद्धता तिसऱ्याच ओळीत कोसळली होती. खुर्चीवरच्या चाचांकडं तिनं बघितलं. ते भुजंगकडं बघून मान डोलावत होते. खरा कलावंत, दुसऱ्याला दाद दिल्याशिवाय राहवत नव्हतं त्यांना. आणि तेच तिला सगळ्यात लागलं.

वर्गात ती पोरांना सांगायची, चुकलेल्या ओळीवर गिलावा करू नका. खोडा आणि सांगा.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी तुम्हाला दाखवायला निघाले होते, की ही खाली दस्तगीरचाचांशिवाय कुणाला येत नाही. खोटं निघालं. भुजंगला आली. उद्या आणखी कुणाला येईल. महादेवापुढं उभी आहे, तेव्हा जे आहे ते सांगते."

रेवणप्पांचा चेहरा पुन्हा उतरला. पुढं काय येतंय ते त्यांना कळलं असावं.

"मग चाचा वर का पाहिजेत? त्यांना जमतं म्हणून नाही. ह्या संख्येत नऊ आहे तो काय चारापेक्षा हुशार म्हणून बसलाय? नाही. शून्याला तर आपण कवडीची किंमत देत नाही. पण त्याला उठवून तिथं एक बसवा, पाच बसवा, चांगला विशारद झालेला नऊ बसवा, संख्या फुटते ती फुटतेच. बदली आलेला आकडा वाईट होता असं नाही. ती जागा त्याची नव्हती. भुजंगची स्वतःची संख्या असेल, तिथं त्याला कुणी हलवायला आलं तर मी तिथंही जाऊन उभी राहीन. हे कीर्तन ज्यांचं बनलंय त्यांतला एक माणूस आज उचलून खुर्चीवर ठेवलाय. कुणी ठेवला, कशापायी ठेवला, मी विचारत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण एक आकडा बदलून मी आरती म्हणणार नाही."

एवढं बोलून तिनं चिपळ्या छातीशी धरल्या आणि ती गप्प झाली. मंचावरून उतरली नाही, गायलीही नाही.

आता हिप्परगव्हाणचा रिवाज असा, की प्रसादाच्या कीर्तनाची आरती होऊन कीर्तनकारानं जयजयकार केल्याशिवाय पहिली पत्रावळ पडत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. खिरीच्या वासानं पोरं रडकुंडीला आली.

"ताई, कीर्तन करा, भाषण नको!" तिकाटण्यापासून आवाज आला. "लोकं उपाशी हायती!"

"मीपण उपाशी आहे," जगदेवी म्हणाली.

"मग आम्हीच आरती म्हणतो!"

"म्हणा. मी इथंच उभी आहे. माझ्या अंगावरून म्हणा."

त्यानं सुरुवात केली. एक ओळ एकटाच म्हणाला. मागं वळून टाळकऱ्यांकडं बघितलं तर पहिल्या टाळकऱ्यानं टाळ मांडीवर ठेवले होते. मग दुसऱ्यानं ठेवले, मग सगळ्या रांगेनं. भुजंगनं पखवाजावरचे हात काढून मांडीत घेतले आणि मान खाली घातली. आरती दुसऱ्या ओळीला अडखळली आणि बसली.

"रेवण्या!" पार्वतम्मा गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. तिचं माहेर कर्नाटकातलं. चिडली की तोंडातून कानडी यायचं. "खीर आळून तिची भाकर व्हायली अन् तू खांबाला टेकून उभा! दस्तगीर, बारप्पा! मेले बा!" म्हणजे वर ये, ये बाबा वर.

सगळ्यांच्या माना लाल खुर्चीकडं वळल्या. चाचा हलले नाहीत.

"तुमचा शब्द डोईवर, अम्मा," ते म्हणाले. "पण खाली बस म्हणलं ते समितीनं. वर ये बी समितीनंच म्हणायचं."

हे जगदेवीच्या गणितात नव्हतं. वर बोलावणं आलं की चाचा येतील, एवढंच तिनं धरलं होतं. चाचांना मंच परत नको होता, शब्द परत पाहिजे होता.

खांबापासून खुर्चीपर्यंत अंतर असं किती? पण रेवणप्पांना ते चालायला लई वेळ लागला. मोबाईल त्यांच्यावर रोखलेला. त्यांनी एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा आईकडं. मग जाऊन खुर्चीपुढं उभे राहिले.

"चाचा, चला," ते पुटपुटले.

"मला कमी ऐकू येतं, अप्पा."

"दस्तगीरचाचा!" मागच्या कढईपर्यंत जाईल असं ते ओरडले. "वर चला! तुमच्याबिगर आरती न्हाई!"

तरुणांनी तिकाटणं उपटलं. मोबाईल खिशात गेला. चार-सहा जण पाय आपटत मांडवाबाहेर पडले, त्यांच्यामागं आणखी काही उठले. मांडवात मधेमधे जागा रिकाम्या पडल्या. जगदेवीनं त्या बघितल्या. लपवल्या नाहीत कुणापासून, स्वतःपासूनही नाहीत.

चाचांनी शाल घडी मोडून खुर्चीच्या पाठीवर टाकली, निंबाखालून आपला पखवाज आणला, फडकं काढलं. भुजंग उठायला लागला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठं निघाला? तिसऱ्या खेपेला सोडलीस तू खाली, मला आठवडा लागला होता. बस हितं. टाळ धर."

जगदेवीनं चिपळ्या उचलल्या.

दोन. नऊ. चार.

हात हवेत उघडे राहिले. तेवढ्या दोन मात्रांत खिरीच्या कढईत एक बुडबुडा फुटलेला सगळ्या मांडवानं ऐकला.

एक!

पंगतीत वाढता वाढता रेवणप्पा तिच्यापाशी थबकले. खिरीवर तुपाची धार धरली आणि हळूच म्हणाले, "ताई, पुढच्या सालचं मी काय सांगू शकत न्हाई. समिती बदलतीया. तुम्हाला बोलावणं येईल न येईल."

"नाही आलं तरी मी ह्याच दिवशी येणार. मांडवात उभं राहू दिलं नाहीत तर निंबाखाली उभी राहीन. पण चाचांना घेऊनच."

"अन् त्यांचे गुडघे?"

"खुर्ची आहे ना तुमच्याकडं. निंबाखाली लावा."

रेवणप्पांना हसू आवरलं नाही. मग ते घाबरून इकडंतिकडं बघत पुढच्या पानाकडं सरकले.

लातूरकडं येताना जीपमध्ये चाचा बराच वेळ डोळे मिटून होते. जगदेवीला वाटलं, झोपले. ती खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. बाबांनी हाती दिलेलं गाव सुटणार होतं. छातीत दुखत होतं, पण आज उभी राहिली नसती तर ह्याहून जास्त दुखलं असतं.

"बेटा," चाचा डोळे मिटूनच म्हणाले, "तसली संख्या एकच हाय का?"

"नाही चाचा. अनंत आहेत. सिद्ध झालंय."

"अन् आपली सगळ्यात बारकी?"

"सगळ्यात बारकी."

"आरं तिच्या!" चाचांनी डोळे उघडले. "बारकीवर एवढा दंगा केला आपुन? मग मोठी कधी घेणार?"

जगदेवी त्यांच्याकडं वळली. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "दहा लाख बासष्ट हजार पाचशे नव्व्याण्णव. एक, शून्य, सहा, दोन, पाच, नऊ, नऊ."

"सात मात्रा." चाचा पुढच्या सीटच्या पाठीकडं सरकून बसले. "शून्य एकच?"

"एकच."

"बाकी सगळं वाजवायचं?"

"सगळं. जोरात."

चाचांनी बाह्या मागं सारल्या आणि सीटच्या पाठीवर पहिली थाप दिली. ड्रायव्हर दचकून मागं वळला.

"तू गाडी चालव," चाचा म्हणाले. "आमची तयारी चालू हाय."